संशयाचा क्रम

माझ्याकडे सहा तारांची लॅप स्टील गिटार आहे. ती मांडीवर आडवी ठेवायची आणि डाव्या हातातली स्टीलची कांडी तारांवरून सरकवायची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हवाई बेटांवर रुजलेली ही वाजवण्याची पद्धत. जुन्या हिंदी गाण्यांतली 'हवाईयन गिटार' ती हीच. सूर मध्ये कुठे तुटत नाही, मींड सलग निघते, म्हणून मला ती आवडते. आणि म्हणूनच तिचा आवाज फाटला की सहन होत नाही.

गेल्या पावसाळ्यात तो फाटायला लागला. तार छेडली की आधी खर्रकन आवाज यायचा, मग सूर विरताना हळूहळू स्वच्छ व्हायचा. अँप नुकताच दुरुस्त होऊन आला होता. पुण्यात पेठेतल्या एका गल्लीत एक काका हे काम करतात. दुकान म्हणजे एक टेबल, सोल्डरिंग गन आणि उघडे पडलेले रेडिओ. मी निकाल लावून टाकला: काकांनी हलका पार्ट टाकला.

दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा त्यांनी अँपला मोबाइल जोडून गाणं लावलं. आवाज स्वच्छ. "साहेब, एकदा गिटार घेऊन या ना," ते म्हणाले. मला ती टाळाटाळ वाटली. घरी येऊन मी दुकानाला एक स्टार दिला, खाली चार ओळी लिहिल्या आणि गिटार वाजवणाऱ्या मित्रांच्या ग्रुपवर टाकून दिलं, "इथे जाऊ नका."

मग एका रविवारी, निव्वळ कंटाळा आला म्हणून, मी ऑफिसात करतो तसं डिबगिंग केलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. केबल बदलली, खरखर तशीच. व्हॉल्यूम पेडल काढून गिटार थेट जोडली, तरी तशीच. स्पीकर फाटला असता तर मोबाइलवरचं गाणंही फाटलं असतं. शेवटी गिटारचाच व्हॉल्यूम निम्मा केला आणि अँपचा तेवढा वाढवला. आवाज पूर्वीइतकाच मोठा, पण खरखर गायब.

म्हणजे अँपच्या पहिल्या टप्प्यावर झेपेल त्याहून मोठा सिग्नल जात होता. मर्यादेपेक्षा उंच लाटेचा माथा तिथे छाटला जातो आणि मूळ आवाजात नसलेले सूर त्यात घुसतात. तार छेडताना लाट सर्वांत उंच असते, म्हणून खरखर सुरुवातीलाच. मोबाइलचा सिग्नल या मर्यादेच्या आत होता, म्हणून काकांकडे सगळं ठीक. पण गिटारचा सिग्नल अचानक वाढला कशाने? अँप घरी आला त्याच आठवड्यात मी नव्या तारा लावल्या होत्या आणि आवाज अजून दणदणीत यावा म्हणून पिकअपचे स्क्रू फिरवून तो तारांच्या जवळ आणला होता. स्क्रू परत फिरवले. काम पाच मिनिटांचं.

काही बिघडलं की आमच्या धंद्यात पहिला प्रश्न असतो: शेवटचा बदल कोणी केला? तो प्रश्न मी विचारला होता. पण बदल दोन झाले होते आणि मी फक्त दुसऱ्याचा मोजला. माझा बदल मला 'बदल' वाटलाच नाही, ती 'सुधारणा' होती.

इथे मला एक नैतिक प्रश्न दिसतो. संशय कोणावर आधी घ्यायचा, हा क्रम आपण कशावरून ठरवतो? पुस्तकी उत्तर असं की जे तपासायला सर्वांत सोपं, ते आधी. स्वतःचे दोन स्क्रू तपासणं सर्वांत सोपं होतं. प्रत्यक्षात मी उलट वागलो: ज्याला दोष देणं सर्वांत स्वस्त, तो आधी. ऑफिसातही हेच चालतं. सर्व्हर पडला की आधी नव्याने लागलेल्या पोराचा कोड उघडला जातो, आर्किटेक्टचा नाही. कारण तो पोरगा उलट बोलणार नाही.

कोणी म्हणेल, अँप नुकताच उघडला होता, संशय येणं साहजिक होतं. होतंच. पण संशय येणं वेगळं आणि तो न तपासता निकाल म्हणून जगजाहीर करणं वेगळं. विल्यम क्लिफर्ड या इंग्लिश गणितज्ञाने 1877 साली 'द एथिक्स ऑफ बिलीफ' या निबंधात एका जहाजमालकाचं उदाहरण दिलंय. जहाज जुनं झाल्याची शंका तो मनातच दाबतो, ते सुखरूप पोचेल असं स्वतःला पटवतो आणि प्रवाशांसकट रवाना करतो. जहाज बुडतं. पण क्लिफर्डचा खरा मुद्दा पुढे आहे: ते जहाज सुखरूप पोचलं असतं, तरी मालक तेवढाच दोषी. कारण तसा विश्वास बाळगायचा हक्क त्याने तपासून मिळवलाच नव्हता.

हे वाचून माझी पळवाट बंद झाली. 'माझा अंदाज चुकला' एवढंच म्हणून सुटता येत नाही. काकांनी खरंच हलका पार्ट टाकला असता आणि माझा अंदाज बरोबर निघाला असता, तरी मी वागलो ते चूकच होतं.

रिव्ह्यू काढून टाकला, ग्रुपवर खुलासा केला. तिथे आधीच्या मेसेजवर अकरा जणांनी अंगठा दिला होता, खुलाशावर दोघांनी. मग गिटार घेऊन दुकानात गेलो आणि सगळं सांगितलं. काकांनी पिकअप पाहिला, दोन टोकांची उंची कमीजास्त होती ती बोटाने दाखवली आणि स्क्रू नीट बसवून दिले. पैसे घेतले नाहीत. "पण मी गिटार आणा म्हटलं होतं," एवढंच म्हणाले.

त्या नऊ जणांपर्यंत मी अजून पोचलेलो नाही. त्यातल्या कोणाचा अँप बिघडला, तर तो त्या गल्लीत जाईल का, माहीत नाही.