दोन अंगठे, सात सूर

अंगठ्यांनी पाती छेडून वाजवायच्या कलिंब्यावर सूर एका ओळीत नसतात, आणि नवशिक्याची पहिली पंचाईत तिथेच होते. आपल्याकडे गावांत कान आणि बोटं घडतात ती भजनाच्या पेटीवर. पेटीवर सा पासून उजवीकडे गेलं की सूर चढतो, डावीकडे आलं की उतरतो. कलिंब्यात सा असतो मधोमध, सगळ्यात लांब पातीवर. त्याला लागून डावीकडे रे, मग उजवीकडे ग, पुन्हा डावीकडे म. आलटून पालटून असं कडेला जाताना पाती आखूड होत जातात आणि सूर चढत जातो. सर्रास मिळणाऱ्या कलिंब्यात अशा १७ पाती असतात.

वाद्य मूळ आफ्रिकेतलं. झिम्बाब्वेतले शोना लोक पूर्वजांच्या विधींत एंबिरा वाजवतात. त्यावर शिंपले किंवा बाटलीची बुचं लावून मुद्दाम झणझण आणलेली असते. ह्यू ट्रेसी या इंग्रज संग्राहकानं १९५० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत त्याचं सुटसुटीत रूप, म्हणजे कलिंबा, घडवलं, झणझण काढली, पाश्चात्त्य स्वरमेळ बसवला. युनेस्कोनं २०२० साली वारसा म्हणून मान दिला तो मूळ एंबिरा घडवण्या-वाजवण्याच्या कलेला, आणि ते रास्तच झालं.

तर, अंगठे दोन आणि सूर सात. सात ही विषम संख्या. सगळी गंमत आणि सगळा घोळ या एका गोष्टीत आहे. आळीपाळीनं वाटत गेलं की एका सप्तकात जो सूर डाव्या अंगठ्याचा, तो पुढच्या सप्तकात उजव्याचा होतो. खालचा रे डावीकडे, वरचा रे उजवीकडे. ग चं नेमकं उलट. म्हणजे एक सप्तक हाताशी बसलं म्हणून दुसरं आपोआप येत नाही. ते आरशात पाहिल्यासारखं नव्यानं शिकावं लागतं.

याच वाटणीमुळे शेजारी-शेजारी येतात ते एकाआड एक सूर. मधल्या सा वरून अंगठा उजवीकडे घसरवला की सा-ग-प मिळून वाजतात. नेम चुकून शेजारची पाती छेडली गेली तरी कानाला खुपत नाही. नवशिक्याला वाटतं, आलंच की आपल्याला! या फुकटच्या गोडव्यावर माझा विश्वास नाही. वाद्य गोड वाजणं आणि चाल वाजणं यांत बरंच अंतर आहे, आणि ते भूप राग वाजवायला घेतला की कळतं.

भूपात म आणि नी वर्ज्य. सा, रे, ग इथपर्यंत अंगठे आळीपाळीनं चालतात. मग प. सवयीनं डावा अंगठा पुढे येतो आणि नेमका म वर पडतो, कारण ग आणि प दोन्ही उजवीकडे, लागून आहेत. उजव्यानंच दोनदा वाजवायचं. पुढे ध डाव्याचा आणि वरचा सा सुद्धा डाव्याचाच. जिथे सूर गाळला, तिथे पाळी मोडली. हे डोक्याला पटकन पटतं. अंगठ्याला पटायला वेळ लागतो. म्हणून भूपाचा आरोह-अवरोह रोज संथपणे घोटावा, सिनेमातलं गाणं मागाहून.

मींड इथे नाही. छेडलेला सूर विरत जातो, ओढून धरता येत नाही. पण भजन ज्या भैरवीनं संपतं ती मात्र या सात सुरांत आयती बसलेली आहे. सगळे सूर शुद्ध असताना ग ला सा मानलं की भैरवीचे सूर मिळतात. आपल्याकडे यालाच मूर्च्छना म्हणतात. हातातला कलिंबा पांढरी एकचा असेल, तर मोबाइलवरचा तानपुरा पांढरी तीनवर लावायचा आणि मधल्या पातीच्या उजवीकडच्या पहिल्या पातीपासून सुरुवात करायची. तिथून उजव्या टोकाच्या शेवटच्या पातीपर्यंत बरोबर दोन सप्तकं भरतात, शिवाय खाली मंद्रातले कोमल ध आणि कोमल नी हाताशी राहतात. पातीवर कोरलेला आकडा ३ म्हणेल, त्याला खुशाल सा म्हणावं.