अर्धे आपले, अर्धे चौघांचे

तलवाडा हे गेवराई तालुक्यातले त्वरिता देवीचे गाव. समजा, या गावचा एखादा डिझायनर लग्नपत्रिका, फ्लेक्स, जाहिराती यांच्या मांडणीत दहा-बारा वर्षे घालवून ते काम थांबवतो आणि माणसांना बोलायला शिकवू लागतो. मुलाखतीच्या नावानेच घाम फुटणारी पोरे आणि ग्रामसभेत उठून प्रश्न विचारायला कचरणाऱ्या बाया त्याच्याकडे येतात. घरचे मात्र विचारतात, ‘हातातली कला का टाकली?’ वरवर हा पोटापाण्याचा प्रश्न वाटतो, पण त्याच्या तळाशी एक जुना धर्मप्रश्न आहे. गीतेने तिसऱ्या आणि अठराव्या अशा दोन अध्यायांत बजावले आहे की, उणा असला तरी आपलाच धर्म बरा. मग असा माणूस स्वधर्म सोडतो का? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे आणि त्याचा आधार बीड जिल्ह्यातच, अंबाजोगाईत सापडतो.

दासोपंतांनी (१५५१–१६१५) अंबाजोगाईत केलेली पासोडी म्हणजे सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापड. त्यावर त्यांनी वेदान्तातले पंचीकरण ओव्यांनी आणि आकृत्यांनी समजावले. अफाट ग्रंथरचना करणाऱ्या या माणसाला शब्दांची वाण नव्हती. तरीही एवढे कापड पसरून अक्षरे कुठे बसवायची आणि आकृती कुठे काढायची, हे त्यांनी ठरवले. कारण अवघड विषय समोरच्याच्या डोळ्यांपुढे एका नजरेत उभा करायचा होता. दासोपंतांनी धंदा बदलला नव्हता, हे खरे. पण रेखणे आणि सांगणे हे दोन वेगळे धर्म नाहीत, एवढे त्या कापडावरून कळते. समोरचा कुठे अडखळेल हे आधी ओळखायचे आणि तिथली वाट सोपी करायची, हे दोन्हींचे मूळ काम आहे. पत्रिकेत तिथी आधी दिसावी की स्थळ, हा विचार करणारा माणूस आणि बोलताना मुद्दा आधी यावा की कारण, हे शिकवणारा माणूस एकाच वृत्तीने काम करत असतात.

त्या पासोडीचा विषयही इथे उपयोगी पडतो. पंचीकरणाप्रमाणे आपल्याला दिसणारे कोणतेही महाभूत निर्भेळ नसते. पृथ्वीत निम्मा अंश पृथ्वीचा आणि उरलेल्या चार तत्त्वांचा प्रत्येकी एक अष्टमांश असतो. निम्मे दुसऱ्यांचे असूनही तिला पृथ्वीच म्हणतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, सूक्ष्म तत्त्व स्थूल होऊन जगाच्या उपयोगी पडते ते या मिसळणीनंतरच. तत्त्वांचा हिशोब माणसाच्या आचरणाला लावता येतो का, अशी शंका कुणी घेईल. तो पुरावा म्हणून लावता येणार नाही, हे मान्य. पण धर्म म्हणजे काहीतरी निखळ, एकाच कामाला जखडलेले असते, ही समजूत तपासायला तो पुरेसा आहे. आपलेपण टिकायला निम्मा भाग पुरतो, फक्त तो निम्मा भाग खरा हवा.

जास्त वजनदार आक्षेप वेगळाच आहे. वारकरी संतांनी आपापला धंदा सोडला नाही, सावता माळ्यांनी मळ्यातच विठ्ठल पाहिला, मग बदल कशाला? इथे तेरच्या गोरोबांची आख्यायिका आठवावी. मडके भाजले की कच्चे, हे थापटण्याने ठोकून पाहणाऱ्या या कुंभाराने तीच पारख संतांच्या मस्तकांना लावली आणि नामदेवांना कच्चे ठरवले. हत्यार कुंभारकामाचे होते आणि पारख माणसाची झाली. ज्यांना कच्चे म्हटले, ते नामदेव (१२७०–१३५०) शिंपी कुळातले. विसोबा खेचरांकडून उपदेश घेऊन ते पुढे कीर्तनाची परंपरा पंजाबपर्यंत घेऊन गेले. गुरू ग्रंथसाहिबात त्यांच्या ६१ रचना आहेत. त्यांचे आयुष्य कपडे शिवण्यात गेले नाही, म्हणून त्यांनी स्वधर्म टाकला असे महाराष्ट्राने कधी म्हटले नाही. जन्माने वाट्याला आलेला धंदा म्हणजेच स्वधर्म, असे मानले तर नामदेवांनाही दोषी धरावे लागेल.

उरतो तो शेवटचा आणि मला सर्वांत गंभीर वाटणारा आक्षेप: बोलायला शिकवणे म्हणजे खोट्याला मुलामा देणे. हा धोका खरा आहे. फ्लेक्सवरचा मुलामा निदान काही दिवसांनी उतरतो. सफाईदार बोलण्याची सवय माणसाला आतून पोकळ करू शकते. यावर उपाय गाडगेबाबांच्या (१८७६–१९५६) कीर्तनात दिसतो. ते श्रोत्यांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. दिवसा ज्या गावात खराटा चालवला, तिथेच रात्री कीर्तन. साचलेले दूर करायचे आणि खाली आधीपासून असलेले उघडे करायचे, हे दोन्हीकडचे काम. चांगला डिझायनरही नको ते काढूनच मांडणी साधतो. तीच शिस्त शिकवण्यात आणली, तर शिकणाऱ्यावर नवी भाषा चढवावी लागत नाही, त्याची स्वतःचीच भाषा मोकळी होते.

या बदलात काही हरवते, हेही कबूल करायला हवे. रेषेशी एकट्याने झुंजण्याचे तास जातात आणि हातात धरता येईल अशी वस्तू मागे उरत नाही. म्हणूनच केवळ कंटाळा आला किंवा पैसा दिसला म्हणून वाट बदलणाऱ्याने थांबून विचार करावा. कामाचे नाव बदलले तरी समोरच्याच्या जागी उभे राहून पाहण्याची सवय टिकली का, एवढेच त्याने तपासावे. ती टिकली असेल, तर ग्रामसभेत पहिल्यांदा उभी राहिलेली बाई स्वतःच्या शब्दांत पाण्याचा प्रश्न मांडेल. त्या शब्दांवर शिकवणाऱ्याची सही नसेल, आणि तीच त्याच्या स्वधर्माची खूण असेल.