परतफेड कोणाला?

विद्यार्थ्याला परदेशी पाठवायचं आणि त्याने परतून इथल्या लोकांच्या उपयोगी पडायचं, ही आजच्या फेलोशिपवाल्यांची आवडती भाषा. आपल्याकडे ती सव्वाशे वर्षं मुरलेली आहे. १८९२ साली जमशेटजी टाटांनी परदेशी शिक्षणासाठी निधी काढला तो कर्जाऊ. कमावता झालेल्याने पैसे फेडायचे आणि त्यातून पुढचा जायचा. सुरुवातीच्या मानकऱ्यांत कृष्णाबाई केळवकर होत्या. डॉक्टर होऊन त्यांनी कोल्हापुरात रुग्णसेवा केली, पण ती निधीची अट म्हणून नव्हे. निधीला परत हवे होते ते पैसे.

बडोद्याला माणूस परत हवा होता. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांसाठी. बदल्यात दहा वर्षं संस्थानची नोकरी, असा लेखी करार. मला तो वाजवी वाटतो. रयतेच्या पैशावर शिकलेल्याने रयतेचं काम करावं, यात गैर काय? उणीव एकच होती: सगळी कलमं विद्यार्थ्यावर, गावावर एकही नाही. १९१७ साली आंबेडकर करार पाळायला बडोद्यात हजर झाले. कचेरीत शिपाई कागद लांबून फेकत. भाड्याने खोली मिळेना, म्हणून पारशी नाव सांगून पारशी धर्मशाळेत राहिले. तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढलं. महाराज उदार होते, पण शहरात एक खोली मिळवून देणं त्यांच्या दिवाणालाही जमलं नाही. दहा वर्षांचा करार तिथेच मोडला.

मोडला तो कागद. १९२० साली शाहू महाराजांच्या मदतीने आंबेडकर पुन्हा लंडनला गेले, बॅरिस्टर होऊन आले, आणि १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. सभेने हाती घेतलेल्या पहिल्या कामांपैकी एक होतं सोलापूरचं विद्यार्थी वसतिगृह. बडोद्यात खोली न मिळालेल्या माणसाने आधी राहण्याची सोय पाहावी, हा मला योगायोग वाटत नाही. देणं तेच होतं, फक्त धनको आता संस्थान नव्हतं, समाज होता.

पुढे १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी सरकारपुढे ठेवलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणासाठी पैसा मागितला. आणि १९५६ साली आग्र्याच्या सभेत, शिकलेल्यांनीच आपल्याला दगा दिला, असं ते उद्वेगाने बोलले. करारावर सही न घेता धरलेली अपेक्षा अशी दुखते.

आज महाराष्ट्राच्या परदेश शिष्यवृत्तीला शाहू महाराजांचंच नाव आहे. अर्ज तपासताना विद्यापीठाचा जागतिक क्रमांक बघतात, घरचं उत्पन्न बघतात, योग्यच आहे. पण शिकून आलेल्या मुलीला नांदेडात किंवा गडचिरोलीत काम करायचं असेल, तर कुठल्या जागेवर आणि किती पगारावर, याचं उत्तर तिने ज्याला त्याला विचारत फिरायचं. ती तिकडेच राहिली, की मग तिला कृतघ्न म्हणायला मात्र सगळे तयार.