शिष्याने किती सोपवावे?

माणसाने दुसऱ्या माणसाच्या हाती स्वतःला किती सोपवावे, हा प्रश्न फार जुना आहे. रोगी वैद्याच्या हाती आपला देह देतो, आईबाप शिक्षकाच्या हाती आपले मूल देतात, शिष्य गुरूच्या हाती आपले मन देतो. सोपवल्यावाचून शिकणे होत नाही, हे उघड आहे. पोहायला शिकणारा जेव्हा शिकवणाऱ्याच्या तळहातावर पाठ टाकतो, तेव्हाच तो तरंगतो. परंतु ह्या सोपवण्याला काही सीमा आहे की नाही, आणि असल्यास ती कोठे, याचा विचार आपण क्वचितच करतो. आज आम्ही तो एका उदाहरणावरून करणार आहोत. हे उदाहरण काही वाचकांना दूरचे वाटेल. पण शेवटी ते आपल्या शब्बाथशाळेच्या दारापर्यंत येते, असे आमचे मत आहे.

हल्ली योगशिक्षक होण्यासाठी लोक घरदार सोडून, समुद्र ओलांडून, महिना महिना परक्या देशात राहतात. गोव्यातील वाचकांनी हे डोळ्यांनी पाहिले आहे. हरमल, मांद्रे, आगोंद ह्या किनाऱ्यांवर युरोपातून आलेली तरुण मंडळी पहाटे चटई काखेत मारून वर्गाला जाताना दिसतात. पण असे वर्ग केवळ भारतातच भरतात असे नाही. त्यांपैकी एक जुना व पुष्कळ ठिकाणी अनुकरण झालेला अभ्यासक्रम कॅनडात वाढला, म्हणून आम्ही तोच विचारासाठी घेत आहोत.

केरळात 1927 साली जन्मलेले स्वामी विष्णुदेवानंद हे ऋषिकेशच्या स्वामी शिवानंदांचे शिष्य. गुरूच्या आज्ञेवरून ते 1957 मध्ये पश्चिमेकडे गेले. मॉन्ट्रियल शहराच्या उत्तरेस लॉरेन्शियन टेकड्यांत व्हॅल-मोरिन नावाचे गाव आहे; तेथे 1962 मध्ये त्यांनी आश्रम स्थापिला. पुढे बहामा बेटांवर दुसरा झाला. 1969 मध्ये त्यांनी योगशिक्षकांसाठी चार आठवड्यांचा निवासी अभ्यासक्रम सुरू केला. नुसती आसने शिकवणारे लोक त्यांना नको होते. स्वतःला आवरू शकणारी माणसे निघाली तर जगातील भांडणे कमी होतील, अशी त्यांची धारणा होती. 1983 मध्ये ते एका लहानशा हलक्या विमानातून बर्लिनची भिंत ओलांडून पूर्वेकडे उतरले, तेही शांततेचा संदेश म्हणूनच. सीमा माणसांनी केलेल्या आहेत, असे त्यांचे सांगणे असे.

आता ह्या अभ्यासक्रमातील एक दिवस पाहू. स्थळाप्रमाणे थोडाफार फरक पडतो, पण साचा तोच.

पहाटे साडेपाचला घंटा होते. सहा वाजता सर्वांनी एकत्र बसावयाचे: अर्धा तास मौन ध्यान, मग संस्कृत भजने, मग प्रवचन. आठ वाजता आसने व प्राणायाम, सुमारे दोन तास. आधी सूर्यनमस्कार, मग शीर्षासनापासून त्रिकोणासनापर्यंत ठरलेली बारा आसने ठरलेल्या क्रमाने. पहाटेपासून पोटात अन्न नसते. पहिले जेवण सकाळी दहाला. त्यानंतर तासभर श्रमसेवा. कोणी भांडी घासतो, कोणी बाग खुरपतो, कोणाच्या वाट्याला संडास येतात. दुपारी गीतेचा किंवा भजनाचा वर्ग, दोन वाजता तत्त्वज्ञानाचे व्याख्यान, चार वाजता पुन्हा आसने. ह्या वेळी दुसऱ्याला कसे शिकवावे याचा सराव. सहाला दुसरे व अखेरचे जेवण. आठला पुन्हा ध्यान, भजन, प्रवचन. साडेदहाला दिवे मालवतात. मधल्या फटींत त्या दिवसाच्या व्याख्यानाचा गोषवारा लिहून द्यावयाचा असतो, कारण शेवटी लेखी परीक्षा आहे.

जेवणात मांस, मासळी, अंडी नाहीत, कांदा-लसूणही नाही. चहा, कॉफी, तंबाखू, मद्य बंद. सर्वांचा पोशाख एकच, पांढरी विजार व पिवळा सदरा. आठवड्यातून एक दिवस व्याख्यानांना सुट्टी, पण पहाटेच्या व रात्रीच्या बैठकीला नाही. झोपण्यासाठी कोणाला खोली, कोणाला तंबू. हजेरी सर्व ठिकाणी सक्तीची.

जो वर्षानुवर्षे मनाला येईल तेव्हा उठला, मनाला येईल ते जेवला, अशा माणसाला हा क्रम आरंभी जाच वाटणारच. कॉफीची सवय असलेल्याचे डोके दोनतीन दिवस ठणकते. मांडी घालून बसण्याची सवय नसलेल्याचे गुडघे बोलू लागतात. परंतु ह्या जाचात एक मोठी सुटका दडलेली आहे, हे नाकारता येणार नाही. आपली निम्मी शक्ती रोज बारीकसारीक निवडी करण्यात जाते: काय घालू, काय खाऊ, आता उठू की थोड्या वेळाने. घंटेने त्या निवडी उचलून घेतल्या की मन मोकळे होते. सारख्या सदऱ्यात वकील कोण आणि दुकानात माल रचणारा कोण हे कळत नाही. ज्याने आयुष्यात संडास धुतला नाही त्याच्या हाती एके दिवशी झाडू येतो, आणि त्या झाडूने जे शिकवले जाते ते दोन वाजताच्या व्याख्यानात शिकवता येत नाही. मठवासी ख्रिस्ती लोकांनी हे सहाव्या शतकापासून ओळखले होते. प्रार्थना आणि हातांचे काम यांची घंटेवर बांधलेली दिनचर्या त्यांचीही होती. शिस्तीला घाबरण्याचे आपल्याला काही कारण नाही.

मग अडचण कोठे आहे?

अडचण अशी की, ज्या रीतीने माणूस आपली झोप, भूक व पोशाख दुसऱ्याच्या हाती देतो, त्याच रीतीने, त्याच ओघात, तो न देण्यासारखी वस्तूही देऊन बसतो. सवय एकच असते: सांगितले की करावयाचे. थकलेले शरीर, घरापासून दूर, फोन बाजूला ठेवलेला, भोवती सगळे तेच करणारे. अशा वेळी 'का?' हा शब्द ओठांवर येत नाही. आला तरी तो आपल्या अहंकाराचा आवाज आहे, असे आपणच आपल्याला समजावतो.

याचे फळ कधी कधी फार कडू येते. विष्णुदेवानंद 1993 मध्ये निवर्तले. 2019 च्या डिसेंबरात, पुष्कळ वर्षे त्यांची सेवा केलेल्या एका स्त्रीने त्यांच्याविरुद्ध लैंगिक शोषणाचा जाहीर आरोप केला. मागाहून आणखी स्त्रिया बोलल्या, आणि संस्थेला बाहेरच्या व्यक्तीकडून चौकशी करवावी लागली. आरोप झालेला मनुष्य उत्तर देण्यास हयात नाही, म्हणून न्यायाधीशाची जागा आम्ही घेऊ इच्छीत नाही. पण एक गोष्ट मनाला लागते. पतंजलीच्या यमांत पहिला यम अहिंसेचा आहे, आणि ह्या अभ्यासक्रमात तो प्रत्येकाला शिकवला जातो. शिकवणे आणि शिकवणारा यांत केवढे अंतर पडू शकते!

हे वाचून, 'योगाच्या वाटेला गेले की असेच व्हायचे', असे कोणी म्हणू लागेल तर त्याने थांबावे. ऑस्ट्रेलियात 2013 पासून 2017 पर्यंत एका शाही आयोगाने संस्थांमधील बालकांच्या लैंगिक छळाची चौकशी केली. त्या आयोगासमोर 2014 मध्ये न्यू साउथ वेल्समधील एका योगाश्रमाचे प्रकरण आले. तेथे 1970 व 1980 च्या दशकांत मुलांचा छळ झाला होता. त्याच आयोगासमोर ख्रिस्ती मंडळ्या, ख्रिस्ती शाळा व अनाथाश्रम यांचीही प्रकरणे आली, आणि ती थोडी नव्हती. भजन वेगळे, वस्त्र वेगळे, पण मुलाने न विचारता आज्ञा पाळावी अशी सवय दोन्हीकडे लावलेली होती. तेव्हा बोट दाखवण्याआधी आपण आपला हात पाहिलेला बरा.

सीमा कोठे आखावी, याविषयी आम्हांला तीन गोष्टी सुचतात.

पहिली ही की, घंटा वाजवणाराही घंटेखाली असला पाहिजे. जो शिष्याला पहाटे उठवतो तो स्वतः पहाटे उठतो काय? जो संडास धुवायला लावतो त्याने कधी झाडू धरला काय? नियम सर्वांवर सारखा असेल तर शिष्य नियमाच्या हाती आहे. गुरू नियमाच्या वर असेल तर शिष्य एका माणसाच्या मर्जीच्या हाती आहे, आणि ह्या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आमच्या प्रभूने शिष्यांचे पाय धुतले ही गोष्ट आपण दरवर्षी ऐकतो. ती नम्रतेची म्हणून ऐकतो. ती अधिकाराचीही आहे. जे काम आपण केले नाही ते दुसऱ्याला सांगण्याचा अधिकार गुरूला नाही.

दुसरी गोष्ट, विचारण्याची आणि निघून जाण्याची मोकळीक. बिरुया येथील लोकांनी पौलासारख्याचेही बोलणे शास्त्राशी रोज ताडून पाहिले, आणि प्रेषितांच्या कृत्यांत त्यांची याबद्दल थोरवीच सांगितली आहे. योगाच्या वर्गांतही आता एक चांगली चाल पडत आहे. पूर्वी शिक्षक विद्यार्थ्याची मान, कंबर, मांडी स्वतःच्या हातांनी दाबून आसन सुधारीत असे, विचारण्याची पद्धत नव्हती. आता पुष्कळ ठिकाणी आधी विचारतात. काही ठिकाणी चटईपाशी लहानसे कार्ड ठेवलेले असते, आणि ते एका बाजूने ठेवले की 'मला हात लावू नका' असे समजतात. कार्ड ते केवढे! पण त्याने शिष्याला 'नाही' म्हणण्याचा शब्द परत मिळवून दिला.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक. काही वस्तू उसन्या देता येतात, काही देताच येत नाहीत. झोप, भूक, वेळ, पोशाख हे चार आठवड्यांसाठी उसने देता येते. महिना संपला की ते परत मिळते, आणि बहुधा सुधारून मिळते. सदसद्विवेकबुद्धी उसनी देता येत नाही. आमच्या वाचकांतील एखाद्या तरुणाने अशा ठिकाणी जावयाचे योजले तर पहाटेच्या व रात्रीच्या बैठकीत देवदेवतांची भजने आहेत व तेथे हजेरी सक्तीची आहे, हे त्याने पैसे भरण्यापूर्वी नीट वाचावे. संस्था ते लपवीत नाही, हा तिचा प्रामाणिकपणा आहे. हिंदू बंधूंना ती उपासना प्रिय आहे आणि त्यांचा मान आपण ठेवतो. पण जे आपल्या अंतःकरणात नाही ते तोंडाने म्हणणे हा त्यांचाही मान नव्हे. 'मी शांत बसेन, म्हणणार नाही. हे चालेल काय?' असे त्याने सरळ विचारावे. उत्तर 'होय' आले तर जावे की नाही हे त्याने प्रार्थनापूर्वक ठरवावे. उत्तर 'नाही' आले तर कंबरेचा व्यायाम शिकवणारे दुसरे पुष्कळ आहेत.

ह्या सर्वांत आणखी एक बाजू आहे, आणि तिच्याकडे आम्ही शब्बाथशाळेच्या शिक्षकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. चार आठवडे शिष्य म्हणून राहिलेला मनुष्य पाचव्या आठवड्यात शिक्षक म्हणून घरी येतो. अशा अभ्यासक्रमांचे माप बहुतेक जगभर 200 तासांचे ठरले आहे. त्याच्या हाती प्रमाणपत्र असते. पहिल्याच दिवशी त्याच्यापुढे पन्नाशीची एक बाई येते. तिचा मणका दुखतो, ती म्हणते, सांगा काय करू. काल जो सोपवीत होता त्याच्या हाती आज दुसऱ्याने स्वतःला सोपवले! त्या क्षणी त्याला बारा आसनांचा क्रम किती पाठ आहे याला फारसे महत्त्व नाही. 'हे मला कळत नाही, आधी डॉक्टरांना दाखवा', एवढे त्याला म्हणता येते की नाही, याला आहे. पुण्यात अय्यंगारांच्या परंपरेत शिक्षक होऊ पाहणाऱ्याने आधी वर्षानुवर्षे विद्यार्थी राहावे असा आग्रह असतो, त्याचे मर्म हेच असावे. आपल्याला काय येत नाही हे कळायला महिना पुरत नाही.

आपले शिक्षक तर 200 तासही कोठे शिकलेले असतात? पाळकसाहेब म्हणतात, 'अमुक बाई, लहान मुलांचा वर्ग घ्या', आणि पुढच्या रविवारी वर्ग सुरू होतो. शिक्षकाचा न्याय अधिक कडक होईल, असा इशारा याकोबाच्या पत्रात आहे. तो आपण धर्मपंडितांसाठी आहे असे समजून पान उलटतो. पण चटईवर आलेला प्रौढ मनुष्य निदान पैसे भरून, वेळापत्रक वाचून, आपल्या मर्जीने आलेला असतो. सात वर्षांचे मूल काहीच वाचून येत नाही. त्याच्या चटईपाशी 'नाही'चे कार्ड नसते. आपण 'डोळे मिटा' म्हटले की ते डोळे मिटते. आपण सांगू ते देवाचे आहे असे ते मानते, आणि जे आपण रागाच्या भरात सांगतो तेही देवाचेच आहे असे मानते.

म्हणून येत्या रविवारी वर्गात शिरण्यापूर्वी शिक्षकांनी एवढे करून पाहावे. मुलांना एकदा सांगावे की, न समजल्यास विचारा. पटले नाही तर तसे म्हणा. कोणी, मीसुद्धा, तुम्हांला भीती वाटेल असे वागले तर घरी सांगा. मग त्यांतले एखादे मूल खरोखरच हात वर करील. त्या वेळी आपला चेहरा कसा होतो, तेवढे आपल्या शेजारच्या शिक्षकाला पाहावयास सांगावे.