सभेपुढे उभ्या राहिलेल्या पाच मुली

शास्त्रपाठ : गणना 27 : 1–8

सलाफहाद रानात मेला. त्यास पुत्र नव्हता, पाच मुली होत्या. म्हणून बापाचे नाव व वतन दोन्ही बुडणार होती. ह्या मुली घरी रडत बसल्या नाहीत, की त्यांनी कोणास शिव्याशाप दिले नाहीत. दर्शनमंडपाच्या दाराशी, मोशे, याजक, सरदार व सर्व मंडळी ह्यांच्यासमोर उभ्या राहून त्यांनी आपले म्हणणे थोडक्यात व कारणासहित मांडले. मोशेने त्यांस दटाविले नाही. त्याने ते परमेश्वरापुढे नेले. म्हणणे रास्त ठरले, आणि त्यावरून सर्व इस्राएलाकरिता नियम झाला.

वळसंगकरांस हा धडा परका नसावा. ज्यांस गावच्या पाणवठ्यास शिवू देत नसत, त्यांच्या विहिरीची आठवण ह्या गावी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 1937 सालच्या भेटीशी जोडलेली आहे. आज तर कायद्यानेच सभेचे दार उघडले आहे. 1989 पासून अठराव्या वर्षी मताचा अधिकार मिळतो, व गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव तो ग्रामसभेचा सभासद होतो. तेथे पाणी, रस्ता, खर्च ह्यांविषयी विचारता येते. 2005 च्या माहिती अधिकाराने सरकारी कागदही मागता येतो.

असे असता आमचे तरुण त्या सभेत का दिसत नाहीत? कारण, गावकी हे जगाचे काम, आपण केवळ प्रार्थना करावी, असे आम्हीच त्यांस शिकविले. हा दोष आम्हां उपदेशकांचा आहे. बाबेलात नेलेल्या बंदिवानांसही यिर्मयाने त्या परक्या नगराचे हित पाहण्यास सांगितले. आम्ही तर आपल्याच गावात राहतो!

म्हणून आरंभ मंडळीतच करू. तरुणांच्या सभेत एकाने हिशेब वाचावा, दुसऱ्याने इतिवृत्त लिहावे, मुलींनी निर्भयपणे प्रश्न विचारावे, आणि विरुद्ध मत सर्वांनी शेवटपर्यंत ऐकावे. मग ग्रामसभेत जाऊन आपल्या वस्तीच्या नळाबरोबर शेजारच्या वस्तीच्या नळाविषयीही बोलावे. ज्या देवाने एकापासून सर्व राष्ट्रे उत्पन्न केली, त्याच्या लेकरांस दूर देशी युद्धाने बेघर झालेला मनुष्यही शेजारीच होय. परंतु जो जवळच्या वस्तीकरिता तोंड उघडीत नाही, तो दूरच्याकरिता काय करील?

पुढील ग्रामसभेची दवंडी ऐकाल तेव्हा, वडील हो, आपल्या मुलामुलींस घरी ठेवू नका, त्यांच्याबरोबर चला. प्रभू त्यांच्या मुखी सत्य व अंतःकरणी प्रीती देवो. आमेन.