गल्लीच्या टोकाचं घर

रामेश्वराला वाहायला काशीहून आणलेली गंगा नाथांनी वाटेत तहानलेल्या गाढवाला पाजली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. माझ्या नळाशी तिचा काय संबंध?

२०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. मी इथे वाचवलेलं पाणी तिथे पोचत नाही, हे खरंच. पण नाथांनी तरी कुठे जगाची तहान भागवली? समोरच्याची भागवली. माझ्या समोर आहे त्याच पाइपवरचं, गल्लीच्या टोकाचं घर. पाणी तासभरच येतं. माझा नळ वाहत राहिला की तिथली धार बारीक होते. पाणीपट्टी मी भरतो, पण ती पाइपाची, पंपाची, पावसाची नाही.

भांडं भरलं की लगेच नळ बंद करू या. तीही पूजाच.