दोन किलो

मुंबई विमानतळावर निरोप दारातच घ्यावा लागतो. टर्मिनल दोनच्या चौथ्या मजल्यावर गाडी थांबते, दारावरचा जवान तिकीट आणि पासपोर्ट बघतो. ज्याच्याकडे या दोन गोष्टी नाहीत, त्याला तिथूनच मागे फिरावं लागतं. काल रात्री एक वाजता माझ्यापुढे एक कुटुंब उभं होतं. मुलगा शिकायला निघालेला. आईनं पिशवीतून स्टीलची छोटी डबी काढली आणि चमचाभर दही त्याच्या तळहातावर घातलं. घरातून निघताना एकदा दिलंच असणार, पण उंबरठ्यावरचं निघणं वेगळं आणि हे वेगळं. हात पुसायला त्याला काही सापडेना, तेव्हा तिनं ओढणीचं टोक पुढे केलं. मग तो आत गेला. ती डबीचं झाकण लावत बसली. लावायची, काढायची, पुन्हा लावायची.

निरोप म्हटलं की सगळ्यांचे डोळे जाणाऱ्यावर असतात. मला विमानतळावर मागे राहणारी माणसंच जास्त दिसतात. जाणाऱ्याला पुढे कितीतरी कामं असतात: वजन, शिक्का, तपासणी, गेट शोधणं. त्या धावपळीत रडू मागे पडतं. मागे राहणाऱ्याला मात्र एकच काम उरतं, घरी परत जायचं. आणि त्या घरात पोराचं अंथरूण अजून तसंच पसरलेलं असतं.

सहा वर्षांपूर्वी मी याच काचेबाहेर होते. लेक आत गेली आणि दहा मिनिटांत परत दाराशी आली. बॅगेला २३ किलोची मर्यादा, तिची २५ भरली होती. तिनं काढलं काय, तर माझ्या सासूबाईंचा पितळी खलबत्ता. मीच हट्टानं घातला होता. तिला बाहेर येता येईना, मला आत जाता येईना. शेवटी जवानानंच तो दोन्ही हातांत धरून माझ्याकडे आणून दिला. घरी परतताना गाडीत मांडीवर तो खलबत्ता होता. दोन किलोच, पण मला उचलून ठेववेना.

आत गेल्यावर वजनाच्या रांगेजवळ बघत राहावं. जमिनीवर बॅगा उघडलेल्या असतात आणि माणसं गुडघ्यांवर बसून ठरवत असतात, काय न्यायचं नि काय सोडायचं. पुस्तकं आधी निघतात. मग जाड स्वेटर निघतो, आणि ऐन उकाड्यात पोरगा तो अंगावर चढवतो. मेतकुटाची आणि गोड्या मसाल्याची पुडी मात्र शेवटपर्यंत बॅगेतून हलत नाही. काल एका मुलीला सुकं खोबरं काढावं लागलं. त्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं, म्हणून सामानात चालत नाही. वाटीभर खोबरं हातात घेऊन ती कितीतरी वेळ कचऱ्याच्या डब्याशी उभी होती.

व्हीलचेअरवर ओळीनं आज्या बसल्या होत्या. त्यातल्या एकीशी बोलले. कराडच्या. म्हणाल्या, "पाय धड आहेत गं माझे. मधे विमान बदलायचंय, तिथं मराठी कोण बोलणार? खुर्ची घेतली की माणूस नेऊन सोडतो." हातात नातवानं इंग्रजीत लिहून दिलेला कागद होता, घड्यांवर विरलेला. त्यांना तो वाचता येत नव्हता, तरी दर थोड्या वेळानं उघडून बघत होत्या.

पलीकडे रत्नागिरीकडचा एक तरुण, आखातात कामाला निघालेला. दोरीनं आवळलेला खोका, त्यावर जाड पेननं लिहिलेलं नाव. दहावी न झालेल्यांना तिकडे नोकरीसाठी जायचं तर आधी सरकारची परवानगी घ्यावी लागते. ते सगळे कागद त्यानं छातीशी धरले होते. फोनवर आईला वरचं छत दाखवत होता. मोरपिसांसारखी नक्षी आहे तिथं, पांढरे खांब वर जाऊन उमलल्यासारखे. आई तिकडून म्हणत होती, "ते राहू दे, तुझं तोंड दाखव."

माझी पाळी आली. पुढच्या महिन्यात लेकीचं बाळंतपण. बॅगेत अळीव, डिंक, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी, आणि त्यांच्या मधोमध खलबत्ता. या वेळी स्वतःचे कपडे कमी केले होते. काट्यावर २२.६ आलं. पट्टा सरकला आणि बॅग रबरी पडद्यामागे गेली.

ह्यांना रजा मिळाली नाही, ते बाहेरच थांबले होते. मी मागे वळून पाहिलं, पण काचेत आतले दिवेच दिसत होते. फोन लावला.

"बसलं का वजन?"

"बसलं. खलबत्ता गेला."

थोडा वेळ नुसता गाड्यांचा आवाज येत राहिला. मग म्हणाले, "बरं. मग निघतो मी."